पाव मैलाचं दुसरं टोक

"पंधरा सेकंद आणि वर एक दशांश," हिंदुराव म्हणाला आणि गप्प बसला. हा आकडा सांगून झाला की तो नेहमीच असा थोडा वेळ गप्प बसायचा, ऐकणाऱ्याला तो नीट पचावा म्हणून. मग खुर्चीत मागं रेलून म्हणाला, "पाव मैल. उभ्या गाडीवरनं सुरुवात. चौतीस वर्सं झाली पोरी, अजून कुणाच्या बाला जमलेलं न्हाई."

तेलाच्या पालथ्या पिंपावर काडेपेटीएवढा रेकॉर्डर ठेवलेला होता, त्याचा लाल दिवा लागलेला होता. 'पोरी' म्हणजे पद्मजा चौगुले. पोरगी कसली, चांगली तेहेतीस-चौतीस वर्षांची बाई, जयसिंगपूरकडच्या एका वाचनालयात ग्रंथपाल. तिनं मान डोलावली आणि गॅरेजच्या भिंतीकडं पाहिलं. भिंतीवर ऑइलपेंटनं मोठ्ठं '१५.१' लिहिलेलं होतं. दर दिवाळीला हिंदुराव त्यावर नवा हात मारायचा.

ही गोष्ट दोन हजार आठ सालची, कोल्हापूरची. तेव्हा आम्ही जुने तिघंच उरलो होतो, दर रविवारी हिंदुरावच्या गॅरेजमध्ये चहाला जमायचो. एक हिंदुराव साळोखे, गॅरेजचा मालक, ज्याच्या नावावर तो आकडा. दुसरा गणपा तोडकर, शर्यत सुटायचा झेंडा पाडणारा. आणि तिसरा मी. माझं नाव अनंत मारुलकर, पण ते मतदार यादीपुरतंच. महाद्वार रोडच्या मागच्या बोळात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि शर्यतीत वेळ लावायचं काम माझ्याकडं, त्यामुळं सगळे मला घड्याळच म्हणत. "घड्याळ आलं का रे?" असं विचारायचे. मी आलेलो असलो तरी माझ्यासमोरच विचारायचे.

आता ह्याला ड्रॅग रेस म्हणतात. टीव्हीवर दाखवतात, रंगीत दिवे लागतात, वेळ संगणक सांगतो. आम्ही नुसतं 'पाव मैल' म्हणायचो, आणि गाडी म्हणजे मोटारसायकल. रद्दीत आलेल्या कुठल्याशा इंग्रजी मासिकात हिंदुरावनं एक फोटो पाहिला होता: लांबलचक सरळ रस्ता, वळण म्हणून नाही, आणि त्यावर धूर काढत निघालेली गाडी. त्या फोटोनं त्याला वेड लागलं. शहरापासून तीन कोसांवर माळावर युद्धाच्या काळात विमानं उतरवायला केलेली एक धावपट्टी होती. विमानं कधी उतरली की नाही देव जाणे, आम्ही गेलो तेव्हा तिथं शेळ्या चरत होत्या. पट्टी जागोजागी उखडलेली, एका गाडीपुरतीच धड. त्यामुळं एका वेळी एकच गाडी पळायची आणि भांडण घड्याळाशी. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत दर रविवारी सकाळी दव वाळलं की सुरू व्हायचं.

पाव मैलाच्या ह्या टोकाला सगळी मजा. गाड्या, पेट्रोलचे डबे, चहाची किटली, चेष्टामस्करी, वीस-पंचवीस माणसं. पलीकडच्या टोकाला मी. बसायला एक दगड, एक वही आणि एक स्टॉपवॉच. झेंडा पडला की दाबायचं, गाडी समोरून गेली की पुन्हा दाबायचं. पाव मैल काही लांब नाही हो, पण तिथून हसणं ऐकू यायचं नाही. माणसं हसताना हलतात, तेवढं दिसायचं.

आणि आमच्यात एक दंडक होता. पळणाऱ्याला त्याची वेळ तिथंच सांगायची नाही, नाहीतर एकेकानं माझ्याशी हुज्जत घातली असती. सगळ्यांचं पळून झालं की मी वही काखेत मारून चालत इकडं यायचो. सगळे माझ्याभोवती गोळा व्हायचे आणि एकदम चिडीचूप. मग मी पान उघडायचो. खरं सांगतो, अख्ख्या आठवड्यात माझ्याकडं कुणी बघायचं ते तेवढंच. आई गेल्यापासून दुकानामागच्या खोलीत मी एकटाच. लग्नाचं कुणी मनावर घेतलं नाही, त्यात मीही आलो.

पद्मजा त्या दिवशी तिसऱ्यांदा आली होती. तिचे वडील नेमगोंडा चौगुले, आमच्यातलाच एक. उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर टर्नर होता, हात सोन्याचा. नऊ वर्षांपूर्वी वारला. तो गेल्यावर माळ्यावर तिला पोत्यात बांधलेले गाडीचे भाग सापडले, एकेक तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला. मग तिनं आमचा पत्ता काढला. ह्या सगळ्या आठवणी आवाजात साठवून ठेवायच्या, वाचनालयात ठेवायच्या, एक छोटं पुस्तकही काढायचं, असं तिच्या डोक्यात होतं. "माणसं चाललीत काका, गोष्टी तरी राहू देत," असं ती पहिल्या दिवशी म्हणाली होती, आणि हिंदुराव इतका खूश झाला की त्यानं तिच्यासाठी स्टीलचा नवा कप आणला.

गणपा तोडकरच्या गोष्टी मात्र दर खेपेला वाढत चालल्या होत्या. आधी पट्टीवर एक शेळी आडवी आली होती, दुसऱ्या रविवारी कळप आला आणि त्या दिवशी कळपाबरोबर एक वळूही निघाला. पद्मजा ऐकून घ्यायची, हसायची आणि शेवटी माझ्याकडं वळायची. माझी वही तिनं आधीच नेऊन पानापानाचे फोटो काढले होते. ती म्हणाली, "गोष्टी बदलतात हो, त्यांचं काही नाही. पण काकांची वही बदलत नाही. पुस्तकात मी आकडे वहीतलेच घालणार."

मी चहाचा कप खाली ठेवला. ती वही घेऊन गेल्यापासून मला झोप नव्हती. वहीत काय खोटं लिहिलं होतं ते जगात मला एकट्याला माहीत होतं. सांगितलं तर भिंतीवरचा तो आकडा जाणार, आणि त्याच्याबरोबर माझा रविवार. हिंदुरावच्या गॅरेजमधला हा चहा सोडला तर माझ्याकडं दुसरं काय होतं? न सांगितलं तर ते पुस्तकात छापून येणार, आणि पुढं कुणी ते खोडायचं नाही.

आणि मी न सांगायचं ठरवलंच होतं. सरळ सांगतो, उगीच मोठेपणा कशाला घेऊ. चौतीस वर्षं तोंड शिवलेलं होतं, अजून पाच-दहा वर्षं काढायची होती. निघून गेली असती.

मग पद्मजानं तो प्रश्न विचारला. तिन्ही रविवार तो तिच्या मनात असणार, कारण विचारताना तिनं रेकॉर्डरकडं बघितलं, आमच्याकडं नाही.

"बाबांनी का सोडलं?"

हिंदुराव म्हणाला की त्याला कधी कळलं नाही. चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतरच्या पहिल्याच रविवारी नेमगोंडा एकदा पळाला, गाडी ढकलत घरी नेली आणि पुन्हा पट्टीवर आला नाही. कुणाशी भांडण नाही, तंटा नाही. रस्त्यात भेटला तर हात करायचा, पण थांबायचा नाही.

तोडकरनं मान हलवली. "अगं, तूच झालीस की त्याच महिन्यात. लेकीसाठी सोडलं त्यानं. पोटची पोर बघितली आणि म्हणाला असंल, आता जिवाशी खेळ नगो. मोठ्या मनाचा माणूस."

तो बिचारा गोड बोलायला गेला. पद्मजा हसली नाही.

"आईपण हेच सांगायची," ती म्हणाली. "तू आलीस आणि त्यांची गाडी गेली. रागात नाही, सहज म्हणायची. पण बाबा रोज कामावरून आले की माळ्यावर चढायचे. ते सगळे भाग काढायचे, पुसायचे, पुन्हा बांधून ठेवायचे. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा. मी खालून आवाज ऐकायची. लहानपणापासून मला वाटत आलंय काका, मी नसते झाले तर हा माणूस सुखात असता. मी त्यांना कधी विचारलं नाही, कारण ते 'हो' म्हणाले असते तर मी काय केलं असतं?"

बाहेरून एक टेम्पो गेला. मी बघत होतो तिच्याकडं. तिच्या कपाळावर नेमगोंडासारखीच मधोमध एक उभी आठी होती.

"तुझ्यामुळं नाही," मी म्हणालो. "माझ्यामुळं."

हिंदुराव हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मी चेष्टा करत नाही हे त्याला चाळीस वर्षांत कळायला हवं होतं, पण असो.

मी सांगायला सुरुवात केली. आधी सांगितलं माझ्या डोळ्यांचं. डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्याला जवळचं सगळं दिसतं. बायकांच्या घड्याळातली केसासारखी स्प्रिंग मी चिमट्यानं अलगद उचलायचो. लांबचं कधी गेलं ते मला कळलंच नाही. त्र्याहत्तरच्या डिसेंबरात एका रविवारी दगडापाशी उभा राहिलो आणि बघतो तर पलीकडं झेंडाच नाही. माणसं म्हणजे नुसते डाग. तोडकरचा हात वर आहे की खाली, पत्ता लागेना.

सांगायला हवं होतं. चष्मा करायला हवा होता. पण आमच्या धंद्यात तेव्हा घड्याळजीला चष्मा लागला की गिऱ्हाईक दुसरं दुकान बघायचं. आणि त्याहून मोठी भीती वेगळीच. दिसत नाही म्हणालो असतो तर घड्याळ दुसऱ्याच्या हातात गेलं असतं. मग मी तिथं कोण? मला गाडी येत नव्हती, इंजिनातलं कळत नव्हतं, गप्पा मारायला जमत नव्हतं. मला कुणी हाकलून दिलं नसतं, पण कुणी बोलावलंही नसतं.

"डोळे नव्हते, पण कान होते," मी म्हणालो. "टिकटिक ऐकून कुठलं घड्याळ कुठं लंगडतंय ते मी सांगायचो. म्हटलं, झेंडा पडला की गाडी सुटते, गाडी सुटली की इंजिनाचा आवाज फिरतो. आवाज फिरला की दाबायचं. झेंडा काय नि आवाज काय, एकच. मला खरंच तसं वाटलं. मी सातवी शिकलेला माणूस."

पद्मजाच्या ध्यानात माझ्या आधीच आलं. तिचे डोळे एकदम मोठे झाले. तोडकर आणि हिंदुराव नुसते ऐकत होते.

"आवाजाला पाव मैल यायला वेळ लागतो," मी म्हणालो. "सव्वा सेकंद. तेवढा वेळ गाडी पळत असायची आणि माझं घड्याळ थांबलेलं असायचं. त्या डिसेंबर-जानेवारीत, पेट्रोलच्या टंचाईनं मोसम लवकर संपायच्या आधी, चार रविवार मी कानावर वेळ लावली. आठवतंय, सगळ्यांचीच वेळ एकदम कमी झाली होती? तुम्ही म्हणालात, थंडीची हवा इंजिनाला मानवली."

"व्हय," तोडकर हळूच म्हणाला. "मीच म्हणालो हुतो."

"त्या चारही रविवारी नेमगोंडा पळाला नाही. लेथमध्ये हात सापडून त्याच्या हाताला प्लास्टर होतं, तो नुसता बघायला यायचा. आणि चौथ्या रविवारी..."

भिंत समोरच होती, वाचायची गरज नव्हती. हिंदुरावही तिकडं बघत नव्हता. तो माझ्याकडं बघत होता.

पुढचं मी पद्मजाकडं बघूनच सांगितलं. उन्हाळ्यात रस्त्यात समोरून येणारी सायकल मला दिसली नाही आणि आपटलो, तेव्हा कुठं झक मारत चष्मा केला. दिवाळी झाली, पहिला रविवार आला. हिंदुराव त्या वर्षी पळणार नव्हता, आता पोरांना पळू द्या म्हणाला होता. पहिलाच नंबर नेमगोंडाचा. वर्षभर खपून त्यानं इंजिन नव्यानं बांधलं होतं, झडपा उघडणारा कॅम स्वतः कानशीनं घासला होता. मी दगडापाशी उभा राहिलो, चष्मा चढवला आणि मला झेंडा दिसला. लाल झेंडा, तोडकरची टोपीसुद्धा दिसली. इतका आनंद झाला मला. झेंडा पडला, मी घड्याळ दाबलं, गाडी हललेली दिसली. आणि आवाज नाही. मग आवाज आला.

"तेवढ्यात मला सगळं कळलं," मी म्हणालो. "गाडी माझ्याकडं येत होती. ती समोरून गेली तेव्हा दाबलं. पंधरा चार."

पंधरा चार म्हणजे पट्टीवर कुणीही कधीही केली नव्हती एवढी कमी वेळ. खरी वेळ. हिंदुरावची, तो सव्वा सेकंद मिळवला की, खरी सोळा तीन. जवळजवळ एका सेकंदाचा फरक, पाव मैलात तो म्हणजे डोंगराएवढा. नेमगोंडा पुढं जाऊन वळला, इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलत माझ्याकडं आला. तो कधी दंडक मोडणारा नव्हता. त्या दिवशी त्यानं मोडला. हेल्मेट काढून हातात धरलं होतं आणि चेहरा असा होता की मी तो आजही सांगू शकत नाही. त्याला माहीत होतं, त्याच्या गाडीनं त्याला सांगितलं होतं, की असं तो आजवर कधी पळाला नव्हता.

"किती?" त्यानं विचारलं.

आणि मी सांगितलं, "पंधरा चार."

एवढंच. हिंदुरावची वेळ खोटी आहे, तूच सगळ्यांच्या पुढं आहेस, ही पुढची दोन वाक्यं सांगितली नाहीत. तो उभा राहिला, त्याच्या ओठावर तो आकडा एकदा हलला. पंधरा एक, पंधरा चार. जिवाचं रान करूनही तीन दशांश कमीच पडलो, असं त्यानं धरलं. "आता ह्याच्यापुढं माझ्याच्यानं व्हायचं नाही अण्णा," असं म्हणाला. मला अण्णा म्हणणारा तो एकटाच. मग गाडी ढकलत पट्टी सोडून माळावरूनच निघाला, घोळक्याकडं गेलाच नाही. त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होतो. चष्म्यामुळं ती लांबपर्यंत दिसली.

"त्या मोसमात कुणालाच जुनी वेळ गाठता आली नाही," मी म्हणालो. "सगळे म्हणाले पेट्रोलात भेसळ आहे. इंजिनं खोलली, जोडली. शेवटी कंटाळून एकेक जण सुटला आणि पट्टी बंद पडली. मी बघत राहिलो. तुझ्या वडिलांचं सुख मी खाल्लं, पद्मजा. तू नाही."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडायला लागली. पण ते रडणं मोकळं होतं, एवढं मला कळलं. तोडकर उठून तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. माझ्याकडं बघायला मात्र कुणी तयार नव्हतं. पुढ्यातला चहा गार झाला होता.

हिंदुराव बराच वेळ आपल्या तळहातांकडं बघत बसला. त्याचा स्वभाव मला माहीत होता. वाटलं, आता पान्हा फेकून मारेल. मारला असता तर बरं झालं असतं.

"म्हंजे माझं सोळा तीन," तो म्हणाला.

"हो."

"मी पुन्हा का न्हाई पळालो, ठाऊक हाय तुला?"

मी म्हणालो, पोरांना पळू द्यायचं म्हणून.

"भ्यालो मी," हिंदुराव म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "पंधरा एक करून बसलो. आता पुन्हा गाडीवर बसलो आणि पंधरा पाच आलं तर काय, पंधरा आठ आलं तर काय? म्हणून हात लावला न्हाई गाडीला. सत्तावीस वर्सांचा हुतो रे घड्याळ. आणखी धा वर्सं पळालो असतो की. खरंच पंधरा एक काढलं असतं एखाद वेळी."

मी त्याच्याकडं बघितलं. चौतीस वर्षं मी नेमगोंडाशी केलेलं पाप मोजत आलो होतो, हिंदुरावला मी काही दिलं असंच समजत होतो. तेही तसं नव्हतं.

"हिंदू," मी म्हणालो.

"जा तू आता," तो म्हणाला.

मी उठलो. चपला घातल्या. कोपऱ्यावर एक रिक्षा उभी होती, तिच्यात बसलो. दुकान तिथून चालत दहा मिनिटांवर होतं, पण वाटेत कुणी ओळखीचं भेटायला नको होतं.

पुढच्या रविवारी सकाळी मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि दुकानाच्या पायरीवर बसलो. वाटलं, तोडकर हाक मारायला येईल. तो आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी शर्ट घातला नाही. मग मी गॅरेजचा रस्ताच बदलला. मंडईत जायचं तर तीन बोळ वळसा घालून जायचो. एकदा लांबून हिंदुराव दिसला, पानपट्टीवर उभा होता, आणि मी एका कापडाच्या दुकानात शिरून टॉवेलचे भाव विचारत बसलो. त्याला मी दिसलो की नाही माहीत नाही. तोंड दाखवायची मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही होता. एवढ्या वर्षांत एकदा खरं बोललो, तर हे बक्षीस.

दोन महिन्यांनी पद्मजाचं पुस्तक टपालानं आलं. पहिल्या पानावर नेमगोंडाचा फोटो, खाली पंधरा चार. सोबत एक सीडी आणि चिठ्ठी. आईला सगळं सांगितलं, असं तिनं लिहिलं होतं. आई आधी रडली, मग म्हणाली, पोरीला मी उगीच बोल लावला इतकी वर्षं. खाली लिहिलं होतं, 'सीडी शेवटपर्यंत ऐका काका.' मी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि सीडी ड्रॉवरमध्ये टाकली. आपल्याच तोंडानं दिलेली आपल्या गुन्ह्याची कबुली कुठला शहाणा बसून ऐकेल?

हिंदुराव पुढच्या वर्षी गेला. त्या सकाळपासून अकरा महिन्यांनी, बसल्या जागी, गॅरेजमध्येच. तोडकरनं फोन केला. पंचगंगेवर मी मागं उभा होतो, तोडकर स्वतः शोधत माझ्याकडं आला. त्याचे डोळे सुजलेले होते.

"यायचास की रे एकदा तरी," तो म्हणाला.

मला राग आला. जा म्हणून ज्यानं सांगितलं त्याच्याकडं मी कसा येणार? पण स्मशानात काय भांडायचं. घरी आलो, आंघोळ केली आणि का कोण जाणे, ड्रॉवर उघडून ती सीडी प्लेअरमध्ये घातली. हिंदुरावचा आवाज तेवढा ऐकावा असं वाटलं असेल.

सगळं होतं. पंधरा एक होतं, तोडकरचा वळू होता, पद्मजाचा प्रश्न होता, माझी बडबड होती. मग "जा तू आता". मग खुर्ची सरकल्याचा आवाज, माझ्या चपला, दार. मला वाटलं संपलं, बंद करायला मी हात पुढं केला. पण पद्मजा रडत होती तेव्हा रेकॉर्डर बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बराच वेळ काही नाही, नुसता रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज. मग हिंदुराव खाकरला.

"चौतीस वर्सं एकट्यानं वागवलं लेकानं हे," तो म्हणाला. "जेवत कसा हुता कुणास ठाऊक." मग म्हणाला, "पोरी, पयल्या पानावर नेमगोंडाचं नाव घाल. मोठ्या अक्षरात. आणि ते भिंतीवरचं मी पुसतो, त्याला सांगू नगा, वाईट वाटंल त्याला." मग कप सरकल्याचा आवाज आला. "गणपा, ह्याचा चहा तसाच ऱ्हायलाय बघ. जा जरा, बोलीव त्याला. मी आपलं जा म्हणालो, ह्यो खरंच गेला का काय."

तोडकरच्या पायांचा आवाज बाहेर गेला. बऱ्याच वेळानं परत आला.

"गेला की. कोपऱ्यावर न्हाई. रिक्षात बसून गेला म्हणं."

"जाऊ दे मग," हिंदुराव म्हणाला. "आता घरी जाऊन रडत बसंल. आपुन कशाला मागं लागायचं, त्याला लाज वाटंल. येतोय की रविवारी. न येऊन जातोय कुठं?"

सीडी तिथं संपली. मधे सत्तेचाळीस रविवार गेले होते.